पाळी गेल्यानंतरची गोळी: साठ वर्षांचा हिशोब



मागच्या वेळी आपण पाळी जाण्याच्या वयाबद्दल बोललो. त्यानंतर एका गटातून प्रश्न आला. एका ताईंची जाऊ शहरात असते. तिला डॉक्टरांनी हार्मोनची गोळी दिली आहे. जाऊबाई सांगतात, या गोळीनं अंगातल्या वाफा थांबल्या, रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल उतरलं, शुगर होत नाही आणि हार्ट अटॅकही येत नाही. "मग आम्हालाच का देत नाहीत?" असं ताईंनी विचारलंय.

जाऊबाईंच्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी अर्धी खरी. चौथीवर मात्र मोठमोठे डॉक्टर फसले होते, तेही एक-दोन नव्हे, चांगली वीस वर्षं. ते कसे फसले ते आज सांगते. गोष्ट अमेरिकेतली आहे, कारण ही गोळी तिथं वाढली आणि तिचा खरा हिशोबही तिथंच झाला.

आधी शरीराचं बघू. गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. त्यांत इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. आपल्याला वाटतं त्याचं काम पाळीपुरतं आणि मूल होण्यापुरतं. पण ते रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. हाडांत, रक्तवाहिन्यांत, यकृतात, चरबीत, सगळीकडे त्याचं काही ना काही काम असतं. ते असतं तोवर बाईची चरबी मांड्यांवर, कमरेखाली साठते. ते गेलं की पोटावर यायला लागते. खाणं तेच, काम तेच, पण परकराची नाडी आखूड पडायला लागते, ती यामुळेही. यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेत असतं, ते ओढणं मंदावतं. साखर पेशींत ढकलणारं इन्सुलिन पूर्वीइतकं लागू पडत नाही. हाडं विरळ होऊ लागतात. आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बी.पी., शुगर, हृदयाचं दुखणं एकेक करून दारात येतं.

मग कुणाच्याही मनात येईल तेच डॉक्टरांच्या मनात आलं. जे कमी झालं ते बाहेरून द्यावं.

१९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट या दोन शास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून वेगळं काम करत, गरोदर बायकांच्या लघवीतून हे हार्मोन शुद्ध करून काढलं. पण बायकांची लघवी गोळा करून कारखाना चालत नाही. मग लक्षात आलं की गाभण घोडीच्या मुतात ते भरपूर असतं. कॅनडातल्या एअर्स्ट कंपनीनं त्यापासून गोळी केली आणि १९४२ मध्ये ती अमेरिकेत विकायला परवानगी मिळाली. नाव प्रेमारिन. गाभण, घोडी आणि मूत्र या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेलं नाव आहे हे. गोमूत्राचं नाव काढलं तर आपल्याकडे कुणी दचकत नाही, पण तिकडच्या किती बायकांना आपण काय गिळतोय ते ठाऊक होतं, देव जाणे.

वीसेक वर्षं ही गोळी वाफा आणि घाम यांच्यासाठी दिली जात होती, आणि त्या कामाला ती चांगलीच होती. आजही वाफांवर एवढं गुणकारी दुसरं औषध नाही. मग १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं एक पुस्तक लिहिलं, 'फेमिनिन फॉरेव्हर', म्हणजे कायम बाई. त्याचं म्हणणं असं, की पाळी जाणं हा हार्मोनच्या कमतरतेचा रोग आहे आणि गोळी घेतली तर बाईला म्हातारपणाची भीती नाही. काही महिन्यांत पुस्तकाच्या लाखभर प्रती खपल्या. त्याला औषध कंपन्यांकडून पैसे मिळत होते हे नंतर बाहेर आलं. जी गोष्ट जगातल्या प्रत्येक बाईला होणारच, तिला एकदा रोग म्हटलं की प्रत्येक बाई गिऱ्हाईक. याहून मोठा बाजार कुठला?

१९७५ च्या डिसेंबरात पहिला दणका बसला. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात दोन अभ्यास एकदम छापून आले. इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर एका अभ्यासात साडेचार पट, दुसऱ्यात साडेसात पट जास्त निघाला. इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढत राहतं. पूर्वी ते दर महिन्याला पाळीवाटे निघून जायचं. आता नुसतंच वाढत होतं. (जाता जाता सांगते, पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा लाल दिसलं, थेंबभर जरी, तरी 'उष्णतेनं असेल' म्हणून बसायचं नाही. दवाखाना गाठायचा.)

त्याच वर्षी तिथं बायकांची एक संघटना उभी राहिली, नॅशनल विमेन्स हेल्थ नेटवर्क. बार्बरा सीमन नावाची पत्रकार तिच्या संस्थापकांपैकी एक. गर्भनिरोधक गोळीच्या दुष्परिणामांवर तिनं १९६९ मध्येच पुस्तक लिहून सरकारला जागं केलं होतं. या बायकांनी काय केलं, तर १९७५ च्या डिसेंबरात सरकारच्या औषध खात्याच्या दारात इस्ट्रोजेनमुळे दगावलेल्या बायकांची शोकसभा घेतली. मोर्चे आपणही काढतो, पण सरकारी कचेरीच्या पायरीवर शोकसभा! मला हे फार आवडलं. ही संघटना गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

गोळीचा खप कोसळला. मग डॉक्टरांनी तोड काढली. इस्ट्रोजेनसोबत दुसरं हार्मोन द्यायचं, म्हणजे अस्तर वाढत नाही. गर्भाशय असलेल्या बाईला दोन्ही, ज्यांची पिशवी काढली आहे त्यांना एकटं इस्ट्रोजेन. हा नियम आजही तसाच आहे. पण घाबरलेल्या बायकांनी परत का यावं? त्याला नवं कारण मिळालं, ते म्हणजे हृदय.

यात एक गंमत आहे, कडू आहे पण सांगते. इस्ट्रोजेननं हृदय वाचतं का, हे चिठ्ठ्या टाकून पहिल्यांदा तपासलं ते पुरुषांवर! बायकांना उतारवयापर्यंत अटॅक कमी येतात, म्हणजे बायकांचं हार्मोन चांगलं असणार, म्हणून अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना ते देऊन पाहिलं. जास्त डोस घेणाऱ्या पुरुषांत अटॅक वाढले, म्हणून १९७० मध्ये तो डोस बंद केला. कमी डोसाचाही उपयोग होईना, तोही १९७३ मध्ये थांबवला. बायकांच्या वेळी मात्र हा धडा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

१९७६ मध्ये तिथल्या १ लाख २१ हजारांहून अधिक नर्सचा अभ्यास सुरू झाला. दर दोन वर्षांनी त्यांना टपालानं प्रश्नावली जायची. काय खाता, सिगारेट ओढता का, कुठली औषधं घेता, कुठला आजार झाला. १९८५ मध्ये त्यातून निघालं की इस्ट्रोजेन घेणाऱ्या नर्सना हृदयरोग जवळजवळ निम्मा. गंमत म्हणजे त्याच मासिकाच्या त्याच अंकात फ्रॅमिंगहॅम गावातला दुसरा अभ्यास होता आणि तो नेमका उलटं सांगत होता, की गोळी घेणाऱ्यांना धोका जास्त. दोन साक्षीदार, दोन साक्षी. डॉक्टरांनी गोड साक्ष उचलली.

आता विचार करा. आपल्या गावात ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांची पोरं सहसा कुपोषित नसतात. म्हणून अंगणवाडीत फ्रीज वाटले तर कुपोषण जाईल का? फ्रीज असणं ही बऱ्या परिस्थितीची खूण आहे. गोळीचंही तसंच होतं. ज्या बायका वर्षानुवर्षं नेमानं डॉक्टरकडे जाऊन गोळी घेत होत्या त्या मुळातच शिकलेल्या, सडसडीत, चालायला जाणाऱ्या, चार पैसे बाळगून असलेल्या होत्या. हृदय गोळीनं वाचलं की त्या सगळ्यानं, हे प्रश्नावलीतून कळणं अवघड.

पण डॉक्टरांकडे आणखी एक पुरावा होता, रक्ताचा रिपोर्ट. १९९५ मध्ये ८७५ बायकांवरची तीन वर्षांची एक नीट केलेली चाचणी छापून आली. हार्मोन घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरलं होतं, चांगलं वाढलं होतं. उपाशीपोटीची साखरही किंचित कमी. ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी तेवढी वाढली होती, आणि गर्भाशय असून एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या साधारण तिघींपैकी एकीच्या अस्तरात खराब बदल दिसले होते. तरी सगळ्यांचे डोळे कोलेस्टेरॉलवर. कोलेस्टेरॉल उतरलं म्हणजे अटॅक टळला, असा सरळ हिशोब.

डेअरीला दूध घालणाऱ्या बायकांना मी हे चटकन समजावते. फॅट चांगली लागली की भाव चांगला. पण फॅट चांगली लागली म्हणजे म्हैस ठणठणीत आहे असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल का? फॅट सहा-सात लागणाऱ्या म्हशीलाही दुसऱ्या दिवशी दगडी होऊ शकते. मशीन फॅट मोजतं, म्हैस मोजत नाही.

१९९० मध्येच कंपनीनं सरकारकडे परवानगी मागितली होती की हृदयरोग टाळण्याचं औषध म्हणून गोळी विकू द्या. तेव्हा त्या शोकसभावाल्या बायका सुनावणीला उभ्या राहिल्या. चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. तशी चाचणी झालेली नव्हती. ती परवानगी कंपनीला शेवटी मिळाली नाही. डॉक्टर तरीही हृदयासाठी म्हणून लिहून देतच राहिले.

चिठ्ठ्या टाकून म्हणजे काय, हे भिशी लावणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. भिशीत श्रीमंत कोण, गरीब कोण हे बघून नाव निघत नाही. तसंच निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला कुठली ते बाईलाही ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मग शिकलेल्या, सडपातळ, पैसेवाल्या बायका दोन्हीकडे सारख्याच वाटल्या जातात. जो फरक उरतो तो गोळीचा.

पहिला निकाल १९९८ मध्ये आला. २,७६३ बायका, सगळ्या आधीच हृदयरोग असलेल्या. चार वर्षांत गोळीवाल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल दुसऱ्या गटापेक्षा ११ टक्के कमी झालं, चांगलं १० टक्के जास्त. रिपोर्ट अगदी फ्रेम करून लावावा असा. आणि अटॅक? गोळीवाल्यांत १७२ जणींना अटॅक आला किंवा हृदयरोगानं मृत्यू, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत १७६. फरक शून्य. उलट पहिल्या वर्षात गोळीवाल्यांना अटॅक जास्तच आले आणि रक्ताच्या गुठळ्या तर जवळजवळ तिप्पट.

तोपर्यंत दुसरी, फार मोठी चाचणी सुरू झाली होती. १९९१ मध्ये बर्नाडिन हीली ही डॉक्टर बाई अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची पहिली स्त्री प्रमुख झाली आणि तिनं विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा अभ्यास जाहीर केला. सरकारी पैसा, ४० केंद्रं, आणि ५० ते ७९ वयाच्या बायका. गर्भाशय असलेल्या १६,६०८ जणींना दोन हार्मोनची गोळी किंवा बिनऔषधाची गोळी. साडेआठ वर्षं चालायची होती. २००२ च्या जुलैमध्ये, सरासरी पाच वर्षं दोन महिन्यांनंतर, ती मध्येच थांबवावी लागली. गोळ्या बंद करा, अशी पत्रं बायकांच्या घरी गेली.

आकडे सांगते, पेन घ्या. दहा हजार बायका एक वर्ष गोळी घेतात असं धरा. बिनऔषधाच्या गोळीवर ३० जणींना हृदयविकार झाला, खऱ्या गोळीवर ३७. लकवा इकडे २१, तिकडे २९. फुप्फुसात गुठळी जाणं ८ ऐवजी १६. स्तनाचा कॅन्सर ३० ऐवजी ३८. दुसऱ्या पारड्यात खुब्याचं हाड मोडणं १५ ऐवजी १०, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६ ऐवजी १०. एकूण मृत्यू दोन्हीकडे सारखेच. तेव्हा गोळी घेतली की बाई मेलीच, असं या आकड्यांतून कुणी काढू नये. एकेका बाईचा धोका लहान आहे. पण ही गोळी आजार टाळण्यासाठी म्हणून लाखो धडधाकट बायकांना दिली जात होती. आजारी नसलेल्या बाईला द्यायच्या औषधाला एवढीही सूट नसते.

वर्षभरात गोळीचा खप झपाट्यानं उतरला. पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांना एकटं इस्ट्रोजेन दिलं होतं, तो भाग २००४ मध्ये थांबला. त्यात लकवा वाढला, हाडं वाचली, हृदयाला ना फायदा ना तोटा, आणि स्तनाचा कॅन्सर मात्र वाढला नाही.

आता शुगरचं, म्हणजे जाऊबाईंची तिसरी गोष्ट. याच चाचणीत पाच-साडेपाच वर्षांत हजारातल्या ४२ जणींना शुगर झाली, गोळीवाल्यांत ३५ जणींना. आधीच्या हृदयरोगी बायकांच्या चाचणीत हा फरक याहून मोठा होता, ९५ विरुद्ध ६२. म्हणजे इन्सुलिन पुन्हा लागू पडायला या हार्मोनची मदत होते, हे खरं. पण हजारात सात जणींची शुगर पाच वर्षं टाळण्यासाठी लकवा आणि गुठळ्या वाढवणारं औषध कोण घेईल? म्हणून शुगर टाळायला ही गोळी देत नाहीत. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ समितीनं २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तेच सांगितलं, जुनाट आजार टाळण्यासाठी हार्मोन देऊ नका. वाफांसाठी देण्याबद्दल ती समिती बोलतच नव्हती. तो वेगळा प्रश्न.

कोलेस्टेरॉल सुधारूनही अटॅक का टळले नाहीत? यातली मेख यकृतात आहे. गिळलेली गोळी आतड्यातून निघते ती थेट यकृतात जाते, जसं गावोगावचं दूध आधी शीतकरण केंद्रात जातं. तिथं एकदम हार्मोनचा लोंढा येतो. यकृत वाईट कोलेस्टेरॉल ओढून घ्यायला लागतं, हे चांगलं. पण तेच यकृत रक्त गोठवणारे पदार्थही जास्त बनवायला लागतं, आणि ट्रायग्लिसराइडही. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवर पहिली गोष्ट दिसते. रक्त गोठवणाऱ्या पदार्थांचा त्यावर रकानाच नसतो. हार्मोन कातडीवरून दिलं, पट्टी चिकटवून किंवा जेल चोळून, तर हा लोंढा यकृतावर येत नाही. फ्रान्समधल्या २००३ च्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत गुठळ्यांचा धोका साडेतीन पट दिसला, पट्टीवाल्यांत वाढलेला दिसला नाही. मात्र गर्भाशयाचं अस्तर पट्टीनंही वाढतं, तिथं दुसरं हार्मोन लागतंच.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मोठ्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. २००७ मध्ये आकडे वयानुसार पुन्हा मांडले, तेव्हा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्यांत हृदयाचा धोका वाढलेला दिसला नाही. वीस वर्षांहून अधिक झालेल्यांत तो स्पष्ट होता. म्हणून आज पन्नाशीच्या आतबाहेरची, वाफांनी रात्र-रात्र जागणारी, स्तनाचा कॅन्सर, गुठळी, लकवा, हृदयरोग, यकृताचा आजार यांतलं काही नसलेली बाई डॉक्टरशी बोलून गोळी घेऊ शकते. जाऊबाईंना बहुधा तशीच मिळाली असेल. त्यांनी वाफांसाठी खुशाल घ्यावी. हृदयासाठी म्हणून नको. आणि ताईंनी जाऊच्या पाकिटातली तर मुळीच नको.

हे सगळे आकडे पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे आहेत. आपल्याकडे मात्र तिशी-पस्तिशीतच पिशवी काढलेल्या बायका आहेत, आणि त्यांना हा हिशोब लागू होत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८० हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तोडीत खाडा झाला तर दंड, पाळीत कोयत्यावर उभं राहवत नाही, अंगावरून जातंय, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतात, की काढली पिशवी.

पिशवीसोबत दोन्ही बीजकोशही काढले असतील तर पन्नाशीला हळूहळू येणारं सगळं पस्तिशीत एका दिवसात येतं. वाफा, पोटावरची चरबी, हाडांची झीज, सगळं पंधरा वर्षं आधी. अशा बाईला, स्तनाच्या कॅन्सरसारखी काही अडचण नसेल तर, पाळी नेहमी ज्या वयात जाते त्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असं डॉक्टरांच्या संघटना सांगतात. तिच्यासाठी ते म्हातारपण टाळायचं औषध नाही. अवेळी काढून घेतलेलं तिला परत मिळतंय. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले असतील तर हार्मोन चालू असतं, फक्त पाळी दिसत नाही, आणि ते थोडं लवकर संपू शकतं.

आपलं नेमकं काय काढलं, हे अनेकींना ठाऊक नसतं. "पिशवी काढली" एवढंच सांगितलेलं असतं. पण दवाखान्यातून सोडताना दिलेल्या कार्डावर ते लिहिलेलं असतं, इंग्रजीत. हिस्टरेक्टमी म्हणजे गर्भाशय काढलं. त्यापुढे 'बी.एस.ओ.' अशी तीन अक्षरं असतील तर दोन्हीकडचे बीजकोशही काढले. कार्ड ट्रंकेत, कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत कुठंतरी असेल. शोधा, आणि गटाच्या पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलावून सगळ्यांची कार्डं वाचून घ्या. ज्यांच्या कार्डावर ती तीन अक्षरं निघतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, त्यांनी ते कार्ड घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ कुठल्या वारी बसतात ते विचारून जायचं.